पात्राला कथेत काम काय? नायक, खलनायक आणि मधली सगळी मंडळी

अक्षरवेल

गेले चार महिने एका दीर्घकथेत अडकले आहे. वडील गेल्यावर बंद घर आवरायला आलेली मुलगी, घर विकायची घाई झालेला तिचा थोरला भाऊ आणि तिची शाळेपासूनची मैत्रीण, एवढीच माणसं. नायिका उभी राहिली, भाऊही बऱ्यापैकी उभा राहिला. मैत्रीण मात्र काही केल्या जिवंत होईना. तिला रंगरूप दिलं, बोलण्याची लकब दिली, लहानपणीचं एक दुःख दिलं, नोकरी दिली. तरी ती पानावर आली की कथा थांबायची.

परवा रात्री तिचे सगळे संवाद एकाखाली एक उतरवून काढले. एकवीस वाक्यं निघाली, त्यातले सतरा प्रश्न. "मग?" "तुला काय वाटतं?" "तो काय म्हणाला?" म्हणजे ही बाई कथेत आली होती ती फक्त नायिकेला बोलतं करायला. तिच्या जागी एखादी रोजनिशी ठेवली असती तरी भागलं असतं.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. आपण पात्राचा स्वभाव घडवण्यात इतके रमतो की त्याला कथेत काम काय, हे विचारायचंच राहून जातं. नायक, खलनायक, गुरू, मित्र, विदूषक ही नावं आपण माणसांचे प्रकार असल्यासारखी वापरतो. मला आता ती कामांची नावं वाटायला लागली आहेत. माणूस तोच, पण एका प्रसंगात एक काम करेल, दुसऱ्या प्रसंगात दुसरं.

तुम्ही वाचताना, लिहिताना या भूमिकांकडे कसं बघता? सविस्तर लिहा, मला घाई नाही.

कोपऱ्यातला वाचक

उत्तम विषय. रुमाल टाकून ठेवतो, रात्री निवांत लिहीन.

लोककथावेडा

अक्षरवेल, तुम्ही रात्री जागून जे केलंत तेच व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने मोठ्या प्रमाणावर केलं होतं. १९२८ साली त्याचं पुस्तक आलं. रशियन लोककथांचा संग्राहक अफानास्येव याच्या संग्रहातल्या शंभर अद्भुतकथा घेऊन त्याने त्या सुट्या केल्या. त्याचं सुरुवातीचंच उदाहरण बघा. एका कथेत राजा शूराला गरुड देतो आणि गरुड त्याला दुसऱ्या राज्यात नेतो. दुसरीत म्हातारा घोडा देतो, तिसरीत मांत्रिक छोटी होडी देतो, चौथीत राजकन्या अंगठी देते. देणारा बदलला, वस्तू बदलली. पण "कोणीतरी काहीतरी दिलं आणि त्याच्या जोरावर नायक पलीकडे पोचला" ही घटना जागच्या जागी राहिली.

अशा एकतीस घटना त्याला सापडल्या आणि त्या पार पाडणाऱ्या सात भूमिका. नुकसान करणारा खल, साधन देणारा दाता, मदतनीस, जिच्यासाठी सगळी यातायात चालते ती राजकन्या (तिचा बाप तिच्याच खात्यात), नायकाला कामगिरीवर धाडणारा, नायक स्वतः, आणि खोटा नायक. महत्त्वाचं म्हणजे तो सांगतो की एक भूमिका अनेकांत वाटली जाऊ शकते आणि एकाच पात्राकडे दोन-तीन भूमिकाही येऊ शकतात. म्हणजे भूमिका आणि माणूस यांची गाठ पक्की नसते.

या सातांतला खोटा नायक मला सगळ्यात आवडतो, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पराक्रम दुसऱ्याने केलेला असतो आणि हा शेवटी येऊन म्हणतो, मीच केला. खलापेक्षा हा वेगळा. खल नायकाची वस्तू पळवतो, हा नायकाची ओळख पळवतो. म्हणून अशा कथांत लढाई संपली तरी कथा संपत नाही. खऱ्याला ओळखायचं कसं, हे शिल्लक राहतं. मग जखमेची खूण किंवा दिलेली अंगठी पुढे येते. कार्यालयातल्या, घरातल्या आजच्या कथांतही हे पात्र जागोजाग असतं, फक्त त्याला त्या नावाने कुणी हाक मारत नाही.

तुमच्या कथेत बघा ना. वडिलांची शेवटची सेवा कुणी केली आणि श्रेय कोण घेतंय?

अक्षरवेल

लोककथावेडा, शेवटचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. भाऊ तेराव्याला आलेल्या लोकांना सांगतो की बाबांचं सगळं मीच पाहिलं. मी ते वाक्य सहज लिहून गेले होते.

मनस्वी

थोडी वेगळी बाजू मांडते. सात भूमिका, एकतीस घटना असं सगळं मोजून ठेवलं की लिहिणाऱ्याचा हात बांधला जातो, असा माझा अनुभव. प्रॉपच्या त्या कथा तोंडोतोंडी आलेल्या. ऐकणाऱ्याला पुढचं आठवावं म्हणून त्या ठाशीव असणारच. कादंबरीतलं माणूस वेगळं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली सपाट (एकाच गुणावर बेतलेली) आणि गोलाकार पात्रं असा भेद केला तो मला जास्त उपयोगी वाटतो. पात्र गोलाकार आहे का, याची त्याची कसोटी अशी की ते आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं का. काम नेमून दिलेलं पात्र चकित कसं करणार? ते कामावरच येणार.

मी माझ्या पहिल्या कथा अशाच बिघडवल्या आहेत. "इथे गुरू हवा" म्हणून एक आजोबा आणले. ते तीन पानं शहाणपण सांगत बसले.

रंगपट

मनस्वी, तुमच्या आजोबांचा दोष तुम्ही भूमिकेवर टाकताय, पण मला वाटतं त्यांना भूमिकाच मिळाली नव्हती. शहाणपण सांगणं हा त्यांचा स्वभाव झाला. काम कुठलं? त्यांच्यामुळे नायकाला काय करता आलं जे आधी येत नव्हतं?

मी नाटकाकडून आलोय, त्यामुळे जरा मागे जाऊन बोलतो. आपल्या नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार सांगितले: धीरोदात्त (उदात्त), धीरललित (विलासी), धीरप्रशांत (शांत), धीरोद्धत (गर्विष्ठ). हे प्रकार स्वभावावरून आहेत हे खरं. पण बाकीची मंडळी बघा. विदूषक, विट (रंगेल सोबती), चेट (नोकर), शकार (राजाचा उद्धट मेहुणा) ही माणसं नायकाच्या आजूबाजूला काय करतात यावरून ओळखली जातात. पुढे दहाव्या शतकात धनंजयाने दशरूपक या नाट्यग्रंथात पीठमर्द सांगितला. उपकथानकाचा तो नायक, मुख्य नायकाचा भक्त आणि त्याच्याहून गुणांनी किंचित कमी. हा "किंचित" मला फार मोलाचा वाटतो. फार कमी असेल तर तो नोकर होतो, बरोबरीचा असेल तर कथा फुटते. प्रतिनायकही तिथे लोभी, हट्टी, पाप करणारा असला तरी धीरोद्धतच सांगितलाय. म्हणजे "धीर" त्यालाही हवाच. भित्र्या माणसाला नायकाची वाट अडवता येत नाही.

आता अक्षरवेल यांच्या मैत्रिणीकडे येतो. मैत्रीण या भूमिकेचा सगळ्यात सुंदर वापर मला शाकुंतलात दिसतो, आणि तो सांगायला थोडी जागा घेतो.

महाभारतातल्या मूळ आख्यानात सख्या नाहीत. शाप नाही, अंगठीही नाही. तिथे शकुंतला राजाला आपल्या जन्माची हकिगत स्वतः सांगते. पुढे राजा तिला ओळखूनही नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने दोन सख्या आणल्या आणि पहिल्याच अंकात जन्मकथा सांगायचं काम अनसूयेला दिलं. त्यामुळे शकुंतलेला स्वतःबद्दल बोलावं लागत नाही, ती लाजून उभी राहू शकते. इथवर सखी म्हणजे नायिकेच्या वतीने बोलणारी.

चौथ्या अंकात मात्र तो कमाल करतो. सख्या फुलं वेचताहेत. पडद्याआडून दुर्वासाचा आवाज येतो. आपल्याच तंद्रीत बसलेल्या शकुंतलेला तो ऐकूच येत नाही, आणि ज्याच्या तंद्रीत आहेस तो तुला विसरेल, असा शाप देऊन तो निघतो. शाप ऐकला कुणी? सख्यांनी. प्रियंवदा धावत जाऊन त्याच्याकडून उःशाप मिळवते, की ओळखीचा अलंकार दाखवला की शाप फिटेल. परत आल्यावर दोघी ठरवतात की हे आपल्या दोघींच्याच तोंडात राहू द्यायचं, सखी नाजूक आहे. प्रियंवदा म्हणते, नवमालिकेच्या नाजूक वेलीवर कढत पाणी कोण शिंपील? निरोपाच्या वेळी एवढंच सांगतात, राजाला ओळख पटायला वेळ लागला तर अंगठी दाखव.

विचार करा. सख्यांनी सांगितलं असतं तर शकुंतलेने अंगठी डोळ्यांत तेल घालून जपली असती. त्यांच्या मायेतूनच अनर्थ होतो. मैत्रीण हळवी आहे, प्रेमळ आहे, हा स्वभाव तोच. पण कथेत तिच्याकडे असं काहीतरी आहे जे नायिकेकडे नाही, आणि ते तिने दिलेलं नाही. एवढ्यावर पुढचे अंक उभे आहेत.

कोपऱ्यातला वाचक

रंगपट, दंडवत घ्या. चौथा अंक शाळेत निरोपाच्या श्लोकांसाठी शिकलो, हे कधी कुणी दाखवलं नव्हतं.

तुमच्याच वाटेने पुढे जातो. त्या नाटकातला विदूषक घ्या. विदूषक म्हणजे हसवणारा, खादाड, राजाचा मित्र, एवढंच आपण धरून चालतो. पण राजाने शकुंतलेबद्दल मन मोकळं केलं ते त्याच्यापाशीच. म्हणजे शापाने राजा विसरला तरी आठवण करून देणारा साक्षीदार शिल्लक होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्याला राजधानीत परत पाठवताना राजा सांगतो, अरे ते सगळं थट्टेत बोललो, खरं समजू नकोस. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येण्याआधी त्याला राणी हंसपदिकेची समजूत घालायला पाठवलेलं असतं. सहाव्या अंकात राजा त्याला विचारतो, माझ्यासारखाच तूही विसरलास का? तो म्हणतो, विसरलो नाही, पण तूच म्हणाला होतास ना थट्टा म्हणून.

थट्टा करणं हे ज्याचं काम, त्याला "ही थट्टा होती" म्हटलं की तो विश्वास ठेवणारच. भूमिका आणि स्वभाव इथे एकाच वाक्यात जोडले गेलेत. मनस्वी, पटेल असं चकित होणं म्हणाल तर मला तरी ते इथे सापडलं.

मनस्वी

सापडलं, मलाही. मान्य करते. "काम" म्हटल्यावर मी यंत्राचा भाग समजत होते. तुम्ही म्हणताय ते "याच्याकडे काय आहे, काय माहीत आहे आणि ते कुणापासून लपलेलं आहे" असं काहीसं. हे माझ्या आजोबांना विचारून बघते. त्यांना नातवाचं काहीतरी माहीत असणार.

लोककथावेडा

आणि तो कोळी! शकुंतलेची हरवलेली अंगठी माशाच्या पोटात सापडलेला. प्रॉपच्या हिशेबात तो दाता. पण बिचाऱ्याला आपण कुणाला काय देतोय याचा पत्ता नाही. शिपाई त्याला चोर म्हणून बांधून आणतात, मारायची भाषा करतात. एका छोट्या प्रवेशापुरता माणूस, आणि त्याच्याशिवाय राजाला आठवत नाही. दाता म्हणजे दाढीवाला ऋषीच असला पाहिजे असं थोडंच आहे.

पहाटवारा

मी लेखक नाही, रोज रात्री दोन मुलांना गोष्ट सांगते, तेवढाच अनुभव. धाकटा पाच वर्षांचा. त्याला नायकाची फारशी काळजी नसते. नायकाला वाट दाखवून उडून गेलेल्या पक्ष्याचं पुढे काय झालं, तो घरी पोचला का, हे मात्र तो दोन दोन दिवस विचारतो. मी म्हणते, त्याचं काम झालं रे, तो गेला. तर म्हणतो, पण त्याला कुणी सांगितलं का की जमलं म्हणून?

त्यानंतर मी गोष्टीच्या शेवटी मदत करणाऱ्याला निरोप पाठवायला लागले. राजपुत्र घरी पोचला की पक्ष्याला चिठ्ठी जाते. गोष्ट दोन वाक्यांनीच लांबते, पण पोरगा लगेच झोपतो.

अक्षरवेल

पहाटवारा, हे मी वहीत उतरवून घेतलं आहे.

रंगपट

गुरूची भूमिका निघालीच आहे तर एक. मेंटॉर हा शब्द मुळात एका पात्राचं नाव आहे, ग्रीक महाकाव्य ओडिसीमधलं. आणि गंमत म्हणजे तिथे ओडिसियसच्या तरुण मुलाला, टेलेमॅकसला, धीर देऊन प्रवासाला काढते ती अथेना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन. म्हणजे ज्याच्या नावाने ही भूमिका जगभर ओळखली जाते, त्याच्या रूपाआडून काम दुसरंच कुणी करत होतं. भूमिका म्हणजे अंगावर घेता येणारी वस्तू आहे, याचा याहून जुना दाखला मला माहीत नाही.

गुरू कथेच्या मध्यावर मरतो, दूर जातो किंवा गप्प होतो, त्याचं कारणही कामातच आहे. तो हजर असेपर्यंत नायकाला स्वतः ठरवायची गरज पडत नाही.

कोपऱ्यातला वाचक

खलनायकाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. अक्षरवेल, तुमचा भाऊ "बऱ्यापैकी उभा राहिला" असं म्हणालात. तो नायिकेशी वाईट वागतो म्हणून उभा राहिला, की त्याच्यामुळे तिच्या वाटा बंद होतात म्हणून? मी वाचताना हीच परीक्षा लावतो. विरोधक पानावर येऊन गेला की नायिकेकडे आधीपेक्षा एक पर्याय कमी उरला पाहिजे. आरडाओरडा करून गेला आणि सगळे पर्याय तसेच राहिले, तर तो नुसता तापट माणूस.

दुर्वास बघा. शकुंतलेशी त्याचं वैर नाही. एकदाच येतो, तोही नुसता आवाज. पण तेवढ्यात राजाची आठवण ही तिची सगळ्यात भक्कम वाट बंद करून जातो. त्याला खल म्हणवत नाही, काम मात्र त्याने खलाचं केलं.

आणि उलट बाजूला कर्ण. दरबारात द्रौपदीला बोललेले शब्द वाचले तर तो सरळ खलाच्या पंक्तीला बसतो. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा तो नाकारतो आणि वर म्हणतो, हे युधिष्ठिराला सांगू नकोस, कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. त्या एका प्रसंगापुरता तो नायक आहे, बाकी सगळे त्याच्याभोवती. त्याचं चांगलं-वाईट एकदाच ठरवून टाकायचं म्हटलं तर दोन्ही प्रसंग वाया जातात.

शब्दपाखरू

वाचनखूण साठवली. एक शंका विचारते. शेरलॉक होम्सच्या गोष्टी १८८७ पासून आल्या आणि बहुतेक सगळ्या डॉक्टर वॉटसनच सांगतो. तोही प्रश्नच विचारत असतो की. मग अक्षरवेल यांच्या मैत्रिणीचे सतरा प्रश्न वाईट आणि वॉटसनचे चांगले, असं का?

लोककथावेडा

फार नेमकी शंका. वॉटसन प्रश्न विचारतो तेव्हा तो होम्सचं डोकं आपल्यापासून झाकून ठेवतो. त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. होम्सला सगळं आधी समजलेलं असलं तरी शेवटपर्यंत ते आपल्याला कळत नाही ते त्याच्यामुळेच. म्हणजे त्याचे प्रश्न दार ओढून घेणारे आहेत. मैत्रिणीचे प्रश्न नायिकेच्या मनाचं दार सताड उघडत होते, आणि आत जे आहे ते वाचकाला आधीच माहीत होतं.

मनस्वी

शिवाय वॉटसन स्वतः डॉक्टर आहे, हुशार आहे. तरी होम्सपुढे कमी पडतो. रंगपट यांचा "किंचित"! इंग्रजीत अशा पात्राला फॉइल म्हणतात. रत्नाची झळाळी वाढावी म्हणून त्याच्यामागे पातळ पत्रा लावत, त्यावरून तो शब्द आला. आपल्याकडे कोंदण म्हणता येईल. पण कोंदणालाही सोन्याचं असावं लागतं.

अक्षरवेल

आठवडाभर गायब होते, कारण लिहीत होते. तुम्हा सगळ्यांचं ऋण आहे म्हणून बदललेला तुकडा इथे देते.

आधी प्रसंग असा होता. संध्याकाळ, दिवे गेलेले, दोघी अंधारात बसलेल्या. मैत्रीण विचारते, "बाबांची आठवण येते का गं?" आणि नायिका दीड पान बोलते.

आता असा आहे:

*दिवे गेले. "थांब," म्हणून ती उठली. मला वाटलं मोबाइल शोधतेय. स्वयंपाकघरातून खण ओढल्याचा आवाज आला. एकच. मग काडी ओढल्याचा. मेणबत्ती हातात धरून ती दारात उभी राहिली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात काड्यापेटी कुठल्या खणात असते, हे मला तीन दिवसांत सापडलं नव्हतं.*

एवढंच. शेवटच्या सहा महिन्यांत मैत्रीण रोज संध्याकाळी येऊन बाबांना वाचून दाखवत होती. बाबांनी तिला सांगितलं होतं, पोरीला कळवू नकोस, ती तिकडचं सोडून धावत येईल. हे मला प्रियंवदेने दिलं. दीड पानाचं भाषण गेलं, आणि सतरा प्रश्नांतले पंधरा गेले.

भाऊही बदलला. "सगळं मीच पाहिलं" असं तो म्हणतो तेव्हा मैत्रीण तिथेच पाणी देत उभी आहे. ती काही बोलत नाही. वाचकाला तोवर मेणबत्ती माहीत आहे.

पहाटवारा

तिला कुणी सांगतं का शेवटी, की आम्हाला कळलं म्हणून?

अक्षरवेल

अजून नाही. बाबांच्या अर्धवट वाचून झालेल्या पुस्तकात तिने ठेवलेली खूण नायिकेला सापडते, इथवर आले आहे. पुढचं पान आज रात्री लिहायला घेते.

रंगपट

खूण काढू देऊ नका तिला. पुस्तक तसंच मैत्रिणीच्या हातात देऊन बघा.